युरोपात रस्त्यावर बासरी वाजवून प्रवासाचा खर्च निघतो का?

तुम्ही विचारलंय की बासरी बऱ्यापैकी येते, नोकरीतून तीन महिन्यांची सुट्टी मिळतेय, तर युरोपातल्या शहरांत रस्त्यावर वाजवत फिरता येईल का, परवाना लागतो का, आणि रोजचा खर्च सुटेल का. मी जर्मनीत शिकायला आले तेव्हापासून उन्हाळ्यात हे करत आलेय. आता नोकरी आहे, त्यामुळे शनिवारपुरतंच. मीही बासरीच वाजवते, म्हणून तुमच्या प्रश्नाला हात घातला. गिटारवाल्यांचं गणित थोडं वेगळं असतं.

आधी नावडता भाग उरकते. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, पर्यटक व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्यावर कमाई करता येत नाही. समोर टोपी ठेवली की ती कमाई झाली. ‘लोक आपखुशीने टाकतात, मी मागत नाही’ हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर खपतो, पोलिसांपुढे त्याच्या भरवशावर राहू नका. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा असतो, पण काम करायला तिथेही मनाई आहे. जर्मनीत शिकणाऱ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करायची मुभा असते. मात्र स्वतःचा धंदा, म्हणजे बस्किंगसुद्धा (रस्त्यावर वाजवून पैसे मिळवणं), करायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून वेगळी परवानगी काढावी लागते. मी ती काढली होती. समोरच्या बाईंनी ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं यावर बराच वेळ विचार केला होता.

तेव्हा तीन महिन्यांच्या सुट्टीत पर्यटक म्हणून येणार असाल तर टोपी न ठेवता वाजवा, तेही जिथे मुभा असेल तिथे. मजा तेवढीच येते, पण खर्च त्यातून सुटणार नाही, तो प्रश्न तिथेच निकालात निघतो. पुढचं सगळं, तुम्ही कधी शिकायला किंवा कामाच्या व्हिसावर आलात तर, असं समजून वाचा.

परवान्याचं म्हणाल तर ‘युरोपात’ असा काही नियम नाही. प्रत्येक नगरपालिकेचा कायदा निराळा, आणि तो कायदाच तुम्ही काय वाजवायचं हे ठरवतो. माझ्या मते या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. म्युनिकमध्ये मारिएनप्लाट्झवरच्या टाउन हॉलमधल्या माहिती केंद्रात जायचं, तिथल्या कर्मचाऱ्यांसमोर थोडं वाजवून दाखवायचं, त्यांना पसंत पडलं तर त्या दिवसाचा परवाना मिळतो. रोजचे परवाने मोजकेच. स्पीकर लावायचा नाही, एका जागी ठाण मांडायचं नाही. व्हिएन्नाने ठराविक जागा आखून ठेवल्यात, त्यातल्या काहींसाठी आधी जागेचं कार्ड घ्यावं लागतं. पॅरिसच्या मेट्रोत १९९७ पासून वादकांची निवड ऑडिशन घेऊन होते. बिल्ला मिळालेल्यांनी जोडमार्गांत वाजवायचं, गाडीत नाही. तरी गाडीत अकॉर्डियन वाजवणारे भेटतातच, आणि स्टेशन आलं की दुसऱ्या डब्यात उडी मारतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून परवाना पद्धत आहे. तिथे जमिनीवर अर्धवर्तुळ रंगवलेलं असतं, त्यात उभं राहायचं, आणि वेळ आधी ठरवून घ्यायची. जर्मनीतल्या बऱ्याच छोट्या शहरांत परवाना लागत नाही, पण अर्धा तास झाला की तिथून उठून दुसरीकडे जायचं, असा दंडक असतो.

हा अर्ध्या तासाचा दंडक मला सुरुवातीला जाचक वाटायचा. आता वाटत नाही. येणारे-जाणारे तुम्हाला मिनिटभर ऐकतात, पण समोरच्या चपलांच्या दुकानातली मुलगी दिवसभर ऐकते. त्यात बहुतेक बस्करांकडे जेमतेम सात-आठ तुकडे असतात, म्हणजे तिला तेच ते पुन्हा पुन्हा. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये आजूबाजूच्या कचेऱ्यांतल्या लोकांचा त्रास शेवटी न्यायालयात गेला. २०२५ साली निकाल देताना न्यायाधीशांनी नुसत्या आवाजावर नाही, तर त्याच गाण्यांच्या सततच्या माऱ्यावरही बोट ठेवलं, आणि पालिकेने तिथल्या गाण्याच्या जागा बंद केल्या. म्हणून मी वाजवायला सुरुवात करण्याआधी शेजारच्या दुकानात डोकावते आणि ‘अर्धा तास वाजवणार आहे, चालेल ना’ एवढं विचारते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. न विचारता वाजवणाऱ्यांना मात्र हाकललेलं पाहिलंय.

आता वाजवायचं काय. आलाप विसरा. चालणाऱ्या माणसाच्या कानावर तुम्ही वीस-तीस सेकंद असता, आणि तेवढ्यात त्याने थांबायचं की नाही हे ठरवलेलं असतं. विलंबित यमनमध्ये तुम्ही निषादावरून हलायच्या आत तो ट्रॅममध्ये चढलेला असतो. मी थेट धुनेवर येते. पहाडी, भूप, दुर्गा. भूप तर कुठेही चालतो, कारण त्याचेच पाच स्वर स्कॉटलंडच्या लोकगीतांपासून चीनपर्यंत सगळीकडे सापडतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे आपण कुठेतरी ऐकलंय. तीन-चार मिनिटांत तुकडा संपवायचा, द्रुत अंगाने, आणि संपला हे कळेल असा संपवायचा. टाळ्या आणि नाणी त्या शेवटच्या स्वरानंतरच पडतात. अखंड वाजवत राहिलं तर ऐकणाऱ्याला पुढे यायला फटच मिळत नाही.

तानपुऱ्याचा प्रश्न येतो. मोबाइलमधला तानपुरा छोट्या स्पीकरवर लावला की तो ‘ध्वनिवर्धक’ ठरतो, आणि बहुतेक जुन्या गावठाणांत ध्वनिवर्धकाला बंदी असते. मी काही दिवस कोरडंच वाजवलं. मग एक चिलीचा गिटारवाला भेटला, तो षड्ज-पंचम धरून ठेवायचा आणि मध्येच त्याला वाटेल तशी तार छेडायचा. शास्त्राच्या दृष्टीने ते काय होतं ते विचारू नका, लोक थांबायचे. एकटेच असाल तर सूरपेटी आणि ती दाबायला एक मित्र आणा.

लांब, खर्जाची बासरी घरी ठेवा. पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) बासरी मैफलीत गोड लागते, रस्त्यावर मात्र तिचा आवाज दहा पावलांत विरतो. पांढरी पाच किंवा सहा आणा. आवाज लांब जातो, गिटारवाल्यालाही त्या पट्ट्या सोयीच्या पडतात. आणि थंडीचा हिशेब आधीच धरा. हवेचं तापमान एक अंशाने उतरलं की बासरीचा सूर साधारण तीन सेंटने (सेंट हे सुराचं अंतर मोजायचं एकक) उतरतो, आणि एका स्वरापासून लगतच्या कोमल-तीव्रापर्यंतचं अंतर १०० सेंट. म्हणजे पुण्याच्या पंचवीस अंशांत मिळवलेली बासरी एप्रिलच्या सकाळी दहा अंशांत तोंडाला लावली तर जवळजवळ त्या अंतराच्या निम्म्याने खाली बोलते. गिटारच्या पोलादी तारा थंडीत आखडतात आणि नेमक्या उलट चढतात. दोघं शेजारी उभे राहिलात की ऐकवत नाही. श्वासाने नळी तापली की जरा सावरतं, म्हणून पहिली पाच मिनिटं टोपी न ठेवता नुसतं फुंकायचं. नाताळच्या बाजारात हात सैल असतात हे खरं, पण तेव्हा मी बाहेर वाजवतच नाही. आतून ओल, बाहेरून कोरडी थंडी, अशाने बांबू तडकतो. मे ते सप्टेंबर हाच आपला हंगाम.

जागा निवडताना रहदारीपेक्षा चाल बघा. स्टेशनबाहेर हजारो लोक जातात, पण सगळे घाईत. कॅथेड्रलबाहेरच्या रांगेत लोक उभे असतात, पण रांग सोडून नाणं टाकायला कुणी येत नाही. मला आवडतात कमानी. बोलोन्यात सुमारे ६२ किलोमीटर कमानींचे पदपथ आहेत, २०२१ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. शनिवार-रविवारी मधले मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात आणि सगळं शहर रमतगमत चालत असतं. कमानीखाली बासरीला जी आस (सुराचा मागे रेंगाळणारा घुमार) मिळते ती कुठल्याही यंत्राने देता येणार नाही. पाठीमागे भिंत हवी, कारंजं जवळ नको, आणि तुम्ही दुरून दिसायला हवं, म्हणजे माणसाला खिशात हात घालायला अवधी मिळतो.

उभं राहून वाजवा. आपल्याला मांडी घालून वाजवायची सवय, पण इथे जमिनीवर बसलेल्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, नजर चुकवून पुढे जातात. तीच बासरी, तोच भूप, उभं राहिलं की थांबतात. मला हे फारसं आवडलेलं नाही. दारात आलेल्या वासुदेवाला सुपात धान्य आणून घालणाऱ्या आजीच्या घरात मी वाढले, त्यामुळे मागणं आणि गाणं यांत इथे ओढलेली ही रेघ मला कृत्रिम वाटते. पण टोपी भरायची असेल तर उभे राहा.

टोपीबद्दल एक गमतीची गोष्ट. कमाई किती होणार हे बऱ्याच अंशी त्या देशाच्या नाण्यांवर ठरतं. युरोची सगळ्यात छोटी नोट पाचची, त्यामुळे लोक सहज एक-दोन युरोचं नाणं टाकतात. स्वित्झर्लंडमध्ये पाच फ्रँकचं नाणं असतं, आणि नाणं म्हटलं की माणूस फार विचार करत नाही. स्वीडनमध्ये रोख पैसा जवळजवळ दिसतच नाही, लोक फोनवरून देतात. त्यासाठी स्वीडिश बँकेचं खातं लागतं, जे वाटसरू वादकाकडे कुठून असणार. लंडनमध्ये २०१८ पासून काही बस्कर कार्ड टेकवायचं यंत्र ठेवतात. टोपीत सुरुवातीला स्वतःची चार नाणी टाका, सगळी तांबडी, कमी किमतीची, नकोत, एखादं दोन युरोचं हवं. नोट पडली तर उचलून खिशात घाला. आणि सुट्टे घेऊन थेट दुकानात खरेदीला जाणार असाल तर लक्षात ठेवा, युरो क्षेत्रात एका वेळी ५० पेक्षा जास्त नाणी घ्यायला दुकानदार कायद्याने बांधील नाही. बेकरीवाले मात्र सुट्टे आनंदाने घेतात.

आता आकडा. माझ्या अनुभवात उन्हाळ्यातल्या शनिवारी चांगल्या जागी अर्ध्या तासाला दहा-पंधरा युरो, कंटाळवाण्या मंगळवारी दोन. दिवसात तीन-चार वेळा जागा बदलून वाजवलं तर ओठ दमतात, त्यापुढे सूर घसरतो. एवढ्यात जेवणखाण सुटतं, हॉस्टेलची खाट कधीमधी, लांबच्या गाडीचं तिकीट जवळजवळ कधीच नाही. जर्मनीत राहणार असाल तर महिन्याचा डॉइचलँड टिकीट पास घ्या. २०२३ च्या मे महिन्यात तो ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि पुढेही वाढलाय, पण त्यावर देशभरातल्या साध्या गाड्यांतून हवं तितकं फिरता येतं. सकाळी एखाद्या छोट्या गावात उतरायचं, आठवडी बाजार गाठायचा, दुपारी पुढचं गाव. मोठ्या शहरांपेक्षा मला हाच मार्ग परवडला. छोट्या गावात बासरी हीच नवलाई असते, बर्लिनच्या माउअरपार्कात रविवारी तुमच्या दोन्ही बाजूंना ड्रमवाले असतात.

आणि सगळेच अनभिज्ञ असतात असं समजू नका. पंडित हरिप्रसाद चौरसियांनी अनेक वर्षं रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयात बासरी शिकवली, त्यामुळे नेदरलँड्समध्ये बासरी नीट शिकलेली माणसं भेटतात. तिथे मी दुर्गा वाजवत असताना एक डच आजोबा शेवटपर्यंत थांबले, पाच युरो ठेवले आणि धैवत जरा खाली लागतोय म्हणाले. हवा थंड होती, पण ते कारण त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

खर्चापेक्षा संगतीसाठी यायचं असेल तर ऑगस्टअखेर इटलीतल्या फेरारा गावी जा. तिथला रस्त्यावरच्या वादकांचा महोत्सव १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे, नाव आधी नोंदवावं लागतं. दुसरे लोक जागा कशी हेरतात, गर्दी कशी धरून ठेवतात, हे तिथल्या दोन संध्याकाळींत कळतं तेवढं मला इतरत्र कुठेही कळलं नव्हतं.

बासऱ्या दोन आणा, एक तडकली तर दुसरी हवी. पीव्हीसीच्या पाइपात घालून, दोन्ही टोकांना झाकण लावून विमानात न्या. फक्त झाकण डिंकाने चिकटवून टाकू नका, विमानतळावर तो पाइप हमखास उघडायला लावतात.