आयटीतली नोकरी सोडून परदेशात सामाजिक मानवशास्त्रात मास्टर्स करावं का?

तुम्ही ऐरोलीत राहता, महापेला आयटीत नोकरी करता, मानवशास्त्राचा एकही पेपर दिलेला नाही आणि आता ब्रिटन नाहीतर जर्मनीला जायचंय. प्रवेश मिळेल का आणि पुढे पोट भरेल का, हा तुमचा प्रश्न. मी ठाण्याची. कॉमर्स करून ब्रिटनमध्ये हाच एक वर्षाचा कोर्स केला, म्हणून लिहिते.

प्रवेशाचं फार टेन्शन घेऊ नका. ब्रिटनमध्ये यातले बरेच कोर्स दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांना घेतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही (हायडेलबर्गला युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात), पण पदवीत या विषयाची क्रेडिट्स आहेत का, ते बहुधा बघतात. इंजिनियरची गाडी तिथे अडते.

जायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मॅलिनोव्हस्की हा या शास्त्रातला मोठा माणूस १९१५ ते १९१८ च्या दरम्यान पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर तिथल्या लोकांत दोनेक वर्षं राहिला, तसलं काही या वर्षात होत नाही. शरद ऋतूपासून लेक्चर, दर आठवड्याला सेमिनार, वाचनाचा ढीग, निबंध, आणि उन्हाळ्यात प्रबंध. तोही बऱ्याच जणांचा लायब्ररीत बसूनच होतो. थोडक्यात, दुसऱ्यांनी केलेलं फील्डवर्क (लोकांत राहून केलेला अभ्यास) वाचायचं आणि त्यावर भांडायचं. मला ते भांडण फार आवडलं. माझ्या वर्गातले काही जण मात्र ‘लोकांत जायला मिळेल’ म्हणून आले होते, ते डिसेंबरपर्यंत वैतागले.

अर्जातल्या निवेदनात ‘मला लहानपणापासून विविध संस्कृतींचं आकर्षण’ वगैरे लिहू नका, सगळे तेच लिहितात. तुम्ही नवी मुंबईत राहता, म्हणजे विषय दारात आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ ला जासईला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड परत. त्या भूखंडाच्या घरात वाटण्या कशा झाल्या? बहिणींनी हक्कसोड केला की नाही? त्यावर इमारत उभी राहिल्यावर भाड्याच्या पैशांवर शब्द कुणाचा चालतो? नातेसंबंध आणि मालमत्ता हा तर या शास्त्राचा जुना, हक्काचा प्रांत. परदेशात जाऊन घरचंच काय लिहायचं, असा संकोच नको. आंबेडकरांनी ९ मे १९१६ ला कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरच निबंध वाचला होता.

आणि आज? केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून, जी मुख्यतः अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषयच वगळले. तुम्ही या शिष्यवृत्तीला पात्र असाल तर अर्ज करण्याआधी चालू नियम वाचा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे असेलच. त्या बदल्यात कोर्सनंतर दोन वर्षांसाठी भारतात परतावं लागतं. ऑक्सफर्ड, रेडिंग किंवा लंडनच्या सोआस विद्यापीठाला अर्ज करणार असाल तर फेलिक्स शिष्यवृत्ती बघा.

नोकरीचं खरं सांगते. ‘मानवशास्त्रज्ञ हवा’ अशी जाहिरात क्वचितच दिसते. पीएचडी, एनजीओ, नाहीतर कंपन्यांमधलं यूजर रिसर्चचं काम, म्हणजे लोक एखादं ॲप किंवा वस्तू कशी वापरतात ते शोधणं. शेवटच्यासाठी तुमचा आयटीचा अनुभव माझ्या कॉमर्सपेक्षा कितीतरी कामाचा. पण ब्रिटनमध्ये राहून शोधू म्हणाल, तर जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना मास्टर्सनंतर तिथे राहून काम करू देणारा व्हिसा (ग्रॅज्युएट रूट) दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच मिळणार आहे.

लंडनमध्ये फी आणि राहणं मिळून ४०-५० लाख सहज जातात. शिष्यवृत्ती मिळाली तर डोळे मिटून जा. आईवडिलांचा फ्लॅट गहाण टाकून जाणार असाल, तर माझं उत्तर नाही असं आहे. एक वर्ष थांबा, नोकरी करत पुन्हा अर्ज करा.