लाइट वाढवू नका, आधी लेदर कोरलची खालची कड बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. खाऱ्या पाण्याचा दोन फुटी कोरल टँक, जुन्या टी-फाइव्ह (बारीक ट्यूबलाइट) काढून एलईडी लावला, दहाव्या दिवशी झोआ (छोट्या फुलांसारखी कोरल) मिटून बसलेत, लेदर (टोपीसारखं चामडी कोरल) पांढरट पडलंय आणि दुकानदार म्हणतोय लाइट कमी पडतोय, अजून एक लावा. अहो नका लावू! २०१९ मध्ये मला हेच सांगितलं होतं आणि मी ते शहाण्या मुलीसारखं ऐकलं होतं.

खारटपणा, अल्कलिनिटी वगैरे तुम्ही तपासलंच असेल असं धरून चालते.

माझा टँक तीन फुटी, साधारण १९० लिटर, सगळं सॉफ्टच, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली मऊ कोरल. एक मोठं लेदर, झेनिया, मश्रूम, तीन रंगांचे झोआ. वर टी-फाइव्हच्या चार ट्यूब, ज्या खरं तर वर्षभरात बदलायच्या असतात पण मी दोन वर्षं ओढल्या होत्या, म्हणजे बिचाऱ्या कोरलना मिणमिणत्या उजेडाची सवय. त्यावर एके दिवशी एकदम १६५ वॉटचा चिनी एलईडी, ९० अंशाच्या भिंगांचा, पाण्यापासून जेमतेम सहा इंच वर. (हे १६५ पण खोक्यावरचेच, प्लगला मीटर लावून बघितलं तर ११२ वॉट खात होता. वॉट बघून लाइट घेणं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजून भाताची चव सांगणं.)

पण माझी घोडचूक ही नाही, ती पुढे आहे. मला शंका आली होती की लाइट जास्त होतोय, म्हणून मी मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप टाकलं. निळा चॅनल (लाइटमधले निळे दिवे) चालू करून आकडा बघितला तर जुन्या ट्यूबपेक्षा कमी! झालं, मी निर्धास्त. वर दुकानदाराचं पण तेच म्हणणं, मग काय, नॉब ५० वरून ७०, ७० वरून १००. नंतर कळलं की लक्स हे आपल्या डोळ्याला किती उजेड वाटतो त्याचं माप आहे आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला तीक्ष्ण, निळ्याला मठ्ठ. कोरलच्या अंगात जे शेवाळ राहतं त्याला नेमका ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळाच जास्त लागतो. म्हणजे मला हॉल अंधुक दिसत होता तेव्हा टँकमध्ये भर दुपार चालू होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी विचारलं सुद्धा, ब्युटी पार्लर काढलंय का म्हणून.

दोन आठवड्यांत झेनिया विरघळली, अक्षरशः शेंबडासारखी होऊन पंपात गेली. लेदर राहिलं पण त्याला पूर्ववत व्हायला चार महिने लागले. उजेड झेपेना की शेवाळाच्या आत घातक ऑक्सिजन तयार होतो, मग कोरल त्या शेवाळालाच बाहेर काढतं. रंगही त्याचाच आणि बरंचसं अन्नही त्याच्याकडूनच, त्यामुळे पांढरं पडलेलं कोरल उपाशी असतं. उपाशी दिसतंय म्हणून आपण अजून लाइट देतो, इथेच सगळे फसतात. लाइट खरंच कमी पडत असेल तर कोरल सहसा पांढरं नाही पडत, तपकिरी होतं, झोआच्या माना लांब होतात, वरती ताणल्यासारख्या.

आता लेदरचं. लेदर अधूनमधून कात टाकतं, तेव्हा पण मिटतं आणि मेणचट चकचकीत पापुद्रा येतो, ते नॉर्मल आहे, चार-आठ दिवसांत उघडतं. फरक असा ओळखा: टोपीची कड बोटाने नको, काडीने हलकेच उचला. वरचा भाग पांढरा आणि खाली सावलीतली कड अजून बदामी असेल तर लाइटनेच भाजलंय. माझ्या लेदरवर तर शेजारच्या दगडाच्या सावलीची रेघ उमटली होती, रेघेच्या अलीकडे रंग, पलीकडे कागद.

सहा महिन्यांनी ओळखीतल्या एकाकडून पाण्यात बुडवायचा पार मीटर मिळाला, कोरलच्या शेवाळाला वापरता येईल असा उजेड मोजणारा. मधल्या दगडावर ३८०, कोपऱ्यात ५५. सॉफ्टवाल्यांना ५० ते १५० भरपूर झाले, २०० ते ३५० हे एसपीएसवाल्यांचे (बारीक तोंडांची दगडी कोरल ठेवणाऱ्यांचे) आकडे. विकत घेऊ नका, महाग आहे, कोणाकडून एका दिवसासाठी मागा.

तुमच्या जागी मी असते तर आजच लाइट दहा-बारा इंच वर टांगला असता, दोन्ही चॅनल २० टक्क्यांवर, दिवसाला आठ तास, आणि दोन आठवडे हात लावला नसता. मग आठवड्याला फार तर ५ टक्के. मश्रूम खाली वाळूवर. (प्रत्येक लाइटचे २० टक्के वेगळे, हे माझ्या टँकवरून सांगतेय, आंधळेपणाने करू नका.) आणि पाणी आधी पिवळट झालेलं असेल आणि तुम्ही नुकताच फिल्टरमधला कार्बन बदलला असेल तर तोही गुन्हेगार असू शकतो, पाणी एकदम स्वच्छ झालं की उजेडही एकदम वाढतो.

लाइटची रंगछटा १०,००० केल्विन (पांढरट) की २०,००० (निळसर) यावर भांडत बसू नका, मला विचाराल तर तो बराचसा आपल्या डोळ्यांचा शौक आहे. सर्व्हिस कुठे मिळते ते मात्र आधी विचारा. माझ्या लाइटचा पंखा तिसऱ्या महिन्यात बंद पडला. तीन खेपा घातल्या, रिक्षाने, मांडीवर लाइट घेऊन. पहिल्यांदा म्हणे बिल ओरिजिनल आणा, दुसऱ्यांदा साहेब जेवायला, तिसऱ्यांदा पंख्यावर मीठ दिसतंय म्हणून वॉटर डॅमेज, वॉरंटी नाही. खोक्यावर छापलंय खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी! मग मीठ नाही तर काय पिठीसाखर येणार? शेवटी शंभर-दीडशेचा कॉम्प्युटरचा पंखा लावून घेतला, अजून चालू आहे. दर महिन्याला सुक्या ब्रशने झाडते.

दुकानदार लाइटबरोबर हार्ड कोरल स्वस्तात देतो म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. सांभाळून. दगडी कोरल आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. मुंबईत कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये हाजी अली-वरळीच्या खडकांवरच्या कोरलच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या तर त्यालाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मी वकील नाही, पण कुठून आलंय याचे कागद नसतील तर मी दारातूनच परत पाठवते.

उद्या लेदरच्या खालच्या कडेचा फोटो टाका. पांढऱ्या लाइटमध्ये काढा हं, निळ्यात सगळंच जांभळं दिसतं.