आईसाठी नर्स ठेवू की केअरटेकर?

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालं, आता घरी आलीये, वॉकर धरून थोडं चालते. आम्ही दोघंही दिवसभर कामावर. कोणी म्हणतं चोवीस तासांची नर्स ठेवा, कोणी म्हणतं साधी बाई पुरेल, आणि आई म्हणते परकं माणूस घरात नकोच. काय करावं?

उत्तर : आधी दोन-तीन दिवस आईचं नेमकं कुठे अडतं ते बघून वहीत लिहा. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण, ही सहा कामं अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडली, माणूस किती स्वावलंबी आहे ते बघायला ती अजूनही वापरतात. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी), जखमेचं ड्रेसिंग असेल तर शिकलेली नर्सच हवी, पण त्यासाठी ती दिवसभर कशाला, ठरलेल्या वेळी येऊन गेली तरी भागतं. बाकीच्याला ट्रेनिंग घेतलेली केअरटेकर बास. फिजिओथेरपी मात्र अजिबात चुकवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळं हातात आणून देणारी केअरटेकर आपल्याला फार चांगली वाटते, पण म्हाताऱ्या माणसाची ताकद पडून राहिल्याने भराभर जाते, त्यामुळे आईला बटणं लावता येत असतील, केस विंचरता येत असतील तर तिलाच करू द्या, अर्धा तास लागला तरी लागू दे, आणि हे केअरटेकरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. तिने शेजारी थांबायचं, पडू द्यायचं नाही, बस.

आई नको म्हणते त्यामागे बहुतेक वेळा संकोच असतो हो, अनोळखी बाईसमोर अंघोळ करायची कोणाला आवडेल? बाई ठरवताना आईला समोर बसवा, अंघोळीची वेळ तिलाच ठरवू द्या. सुरुवातीचे काही दिवस तुमच्यापैकी कोणीतरी घरी थांबा. एजन्सीला सांगा की रोज नवा चेहरा पाठवू नका, आणि नेहमीची बाई सुट्टीवर गेली तर बदली कोण येणार ते आधीच विचारून ठेवा.

रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा, आत धरायला दांडा बसवून घ्या. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, एकदम दम लागला किंवा आई अचानक असंबद्ध बोलायला लागली तर वयामुळे असेल म्हणून थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. हे सगळं डॉक्टरांच्या नंबरसकट कागदावर लिहून केअरटेकरला दिसेल असं चिकटवा.