कॅन्सरचा प्रकार कळला, मग जीन टेस्ट कशाला?

प्रश्न: आईच्या फुफ्फुसाच्या बायोप्सीत ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह’ आलंय. तिने कधी सिगरेट ओढली नाही. आता डॉक्टर ईजीएफआर, एएलके टेस्ट करा म्हणतायत. गरज आहे का?

उत्तर: हो, नक्की करा, आणि शक्यतो रिपोर्ट येईपर्यंत थांबा. टीटीएफ-१ या पेशींतल्या खुणेवरून एवढंच कळतं की गाठ बहुतेक फुफ्फुसातच सुरू झालीय, पण तिला वाढवणारं बटण कुठलं ते जीन टेस्टच सांगते. ईजीएफआर, एएलके, आरओएस१ या जीन्समधले बदल मुख्यतः अ‍ॅडेनोकार्सिनोमात, म्हणजे आईला झालेल्या प्रकारातच सापडतात, त्यातही सिगरेट न ओढणाऱ्यांत जास्त, म्हणून तर आईच्या बाबतीत ही टेस्ट चुकवू नका असं मी कळकळीने सांगतेय. ईजीएफआरमध्ये एक्सॉन १९ या जीनच्या भागातला तुकडा गळालेला किंवा एल८५८आर नावाचा बदल निघाला तर ओसिमर्टिनिबसारखी रोजची गोळी चालते. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्वॅमस या दुसऱ्या प्रकारात (तिथे पी४० ही खूण पॉझिटिव्ह येते) हे बदल क्वचितच, आणि स्मॉल सेल या आणखी एका प्रकारात टीपी५३ आणि आरबी१ ही ब्रेक लावणारी जीन्सच बहुधा बिघडलेली असतात.

पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) वेगळं, ते इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारासाठी बघतात. ते जास्त आलं म्हणून लगेच इम्युनोथेरपी सुरू करायची घाई नको, ईजीएफआर बदल असेल तर ती सहसा फारशी लागू पडत नाही, शिवाय आधी ती देऊन मग ओसिमर्टिनिब दिलं तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

बायोप्सीचा तुकडा टेस्टला पुरला नाही तर रक्तातूनही टेस्ट होते, फक्त ती निगेटिव्ह आली म्हणून बदल नाहीच असं धरू नका.