वाचकांचे प्रश्न : क्ष-किरणांचे अल्पजीवी उद्रेक

प्रश्न : महाराक्षसी, म्हणजे सूर्याहून कित्येक पटींनी मोठ्या आणि तेजस्वी, ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या काही न्यूट्रॉन ताऱ्यांकडून (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांकडून) क्ष-किरणांचे उद्रेक अचानक होतात आणि काही तासांत ओसरतात, असे वाचनात आले. उद्रेक केव्हा होणार हे ठाऊक नसताना तो टिपला कसा जातो?

उत्तर : क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, त्यामुळे हे काम उपग्रहांवरूनच करावे लागते आणि एका उपकरणाने ते भागत नाही. आकाशाचा मोठा भाग एका वेळी न्याहाळणाऱ्या उपकरणाला मंद स्रोत दिसत नाहीत, तर मंद स्रोत दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात आकाशाचा लहानसा तुकडाच मावतो. म्हणून पहिल्या प्रकारच्या उपकरणाने भडका हेरायचा आणि दुसऱ्याने त्याचा तपशील घ्यायचा, अशी कामाची वाटणी असते.

ऑक्टोबर २००२ मध्ये सोडलेल्या युरोपीय ‘इंटिग्रल’ उपग्रहाने हेरण्याचे काम फार मोलाचे केले. त्यावरील ‘आयबिस’ उपकरणात शोधकाच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागाच्या, सुमारे ३.२ मीटर वर, ठरावीक नमुन्याने छिद्रे ठेवलेला टंगस्टनचा जाड पडदा होता. स्रोत ज्या दिशेला असेल त्यानुसार या पडद्याची सावली शोधकावर सरकते, आणि अनेक स्रोतांच्या एकमेकींत मिसळलेल्या सावल्या गणिताने सुट्या करून प्रत्येकाची जागा व तेज काढले जाते. आकाशगंगेच्या प्रतलाची अशी पाहणी वारंवार होत राहिली, म्हणूनच तोवर निसटून जाणारे हे स्रोत २००५-०६ च्या सुमारास एक वेगळा वर्ग म्हणून ओळखले गेले. २००४ मध्ये सोडलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह दोन्ही कामे करतो : त्याच्या विस्तृत दृष्टीच्या उपकरणाने भडका टिपला, की बऱ्याचदा एक-दोन मिनिटांतच तो स्वतः वळून आपली क्ष-किरण दुर्बीण त्या जागी रोखतो.

मात्र उद्रेकांच्या मागे धावण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व स्रोत शांत असतानाच्या निरीक्षणांना द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते. ‘आयजीआर जे११२१५-५९५२’ या स्रोताचे उद्रेक नियमित कालावधीने होतात, आणि हा कालावधी सुमारे ३३० दिवसांचा मानला जात होता. जुलै २००७ मध्ये, म्हणजे त्या हिशोबाने स्रोत शांत असायला हवा अशा वेळी, ‘स्विफ्ट’ची दुर्बीण तिकडे वळवली गेली आणि तेव्हाही उद्रेक आढळला. खरा कालावधी निम्मा, सुमारे १६५ दिवसांचा, निघाला. अपेक्षित तारखांनाच निरीक्षण करत राहिले असते, तर ही चूक तशीच राहिली असती. शिवाय स्रोत मंद दिसला म्हणजे तो थंडावलाच असे नव्हे. ‘आयजीआर जे१६४७९-४५१४’ मध्ये न्यूट्रॉन तारा दर ३.३ दिवसांनी जोडीदाराआड जातो. त्या काळात तेज घटते ते ग्रहणामुळे.

प्रश्न : न्यूट्रॉन तारा जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा असतो. त्याच्यावर कोसळणारे द्रव्य तापून हे क्ष-किरण निघतात, तर एवढे द्रव्य येते कुठून, आणि ते सतत न पडता भडक्यांनीच का पडते?

उत्तर : महाराक्षसी ताऱ्यापासून तारकीय वारा, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरून सुटणारा वायूचा प्रवाह, अखंड वाहत असतो. या वाऱ्याबरोबर तो तारा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण दहालक्षांश, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे एक-तृतीयांश इतके द्रव्य गमावतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटर धरला, तर सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा आपल्यापासून साडेतीन-पावणेचार लाख किलोमीटरपर्यंतचे द्रव्य ओढून घेऊ शकतो. म्हणजे आकार किरकोळ असला तरी त्याचे जाळे जवळपास पृथ्वी-चंद्र अंतराएवढे पसरलेले असते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला आणि घनता तीच राहिली, तर पकडले जाणारे द्रव्य सुमारे आठ पट होते. क्ष-किरणांचे तेज वाऱ्यातील लहानसहान फरकांनाही इतके संवेदनशील का असते, ते यावरून ध्यानात येईल.

हा वारा एकसंध नसतो, त्यात दाट पुंजके असतात. ‘एक्सएमएम-न्यूटन’ ही युरोपीय क्ष-किरण अवकाश दुर्बीण मार्च २०१० मध्ये ‘आयजीआर जे१८४१०-०५३५’ वर सुमारे साडेबारा तास रोखलेली असताना तेथे एक भडका उडाला आणि जवळपास चार तास टिकला. त्या वेळी कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचे शोषण वाढलेले आढळले, म्हणजे आपल्या आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या मध्ये दाट वायू आला होता. या पुंजक्याचा व्यास सुमारे १ कोटी ६० लाख किलोमीटर असावा, असा अंदाज निघाला. सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने एवढा पुंजका ओलांडून जायला साडेचार तासांच्या आतबाहेर वेळ लागतो, हे वाचकांना स्वतः भागाकार करून ताडता येईल.

पुंजक्यांनी सगळा उलगडा होत नाही. ‘वेला एक्स-१’ मधील न्यूट्रॉन ताराही अशाच वाऱ्यात फिरतो, पण चढउतार होत असले तरी तो जवळजवळ सतत तेजस्वी राहतो. उलट, ‘आयजीआर जे१७५४४-२६१९’ चे शांततेतील तेज आणि ऑक्टोबर २०१४ च्या उद्रेकातील कमाल तेज यांत सुमारे दहा लाख पटींचा फरक आहे. एवढा फरक नुसत्या घनतेच्या चढउताराने पडणे कठीण आहे. म्हणून काही अभ्यासक असे मानतात, की न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र आणि परिवलन मिळून आत येणारे द्रव्य अडवून धरतात, आणि दाब पुरेसा वाढला की ही आडकाठी सुटते. दुसऱ्या मतानुसार तप्त वायूचे कवच ताऱ्याभोवती साचते आणि थंड होईल तसे हळूहळू खाली उतरते. ते अस्थिर झाले की एकदम कोसळते. मला दोन्ही विचार पुंजक्यांच्या कल्पनेला पूरक वाटतात, कारण आडकाठी असो वा कवच, ते ढळायला बाहेरून काही निमित्त लागतेच. दोहोंतला निवाडा व्हायला मंद अवस्थेतील परिवलनकाल आणि वर्णपट नीट मोजले जायला हवेत.

प्रश्न : हौशी निरीक्षकाला यातले काही पाहता येईल का?

उत्तर : भडका दिसणार नाही, दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा महाराक्षसी ताऱ्याचा असतो आणि उद्रेकाने त्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ‘वेला एक्स-१’ चा जोडीदार, ‘एचडी ७७५८१’, साध्या द्विनेत्रीतून दिसतो इतकेच. परंतु ‘स्विफ्ट’ची आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील ‘मॅक्सी’ या उपकरणाची रोजची तेजमापने सर्वांसाठी खुली आहेत. त्यांतून ‘वेला एक्स-१’ ची काही महिन्यांची मापने घेऊन आलेख काढावा आणि दर नऊ दिवसांच्या सुमारास येणारे ग्रहण त्यात सापडते का, ते पाहावे.