एमआरएनएत अडकलेल्या दहावीच्या पोराला

पहिल्याच धड्यात अडकला ना बावा? मीही अडकलो होतो. घोळ एकच असतो: प्रथिन बनवताना अख्ख्या डीएनएची प्रत निघते असं वाटतं. पण ती निघते पेशी विभागण्याआधी, प्रथिन बनवताना नाही. प्रथिनासाठी फक्त हव्या त्या जनुकाची एमआरएनए प्रत केंद्रकाबाहेर रायबोसोमकडे, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या कणाकडे, जाते. आपण नागपुरात बर्डीवर दाखल्याची झेरॉक्स नेतो, मूळ कागद घरच्या कपाटात राहतो, तसं.

आज एवढंच कर:
- डीएनएचा धागा लिही: टीएसीजीजीए. त्यावरून एमआरएनए काढ: एयूजीसीसीयू. 'ए'समोर यू येतो, टी नाही! मार्क इथंच जातात.
- तीन-तीन अक्षरं तोड. एयूजी म्हणजे मेथिओनिन, सुरुवातीचा संकेत. सीसीयू म्हणजे प्रोलिन.

64 संकेतांचा तक्ता पाठ करू नको. विकरांची नावं बारावीत बघू.