आजीच्या डब्यातली शिवराई आणि ब्रह्मपुरीचे धनुष्य

महिन्याला शंभर-दीडशे रुपये उरतात. एवढ्यात नाणी जमवता येतील का? – अकरावीचा विद्यार्थी, राजारामपुरी

नक्की येतील. पण विकत घ्यायच्या आधी घर धुंडाळ. देव्हाऱ्याचा खण, शिलाई मशीनचा ड्रॉवर, जुनी पानाची चंची. भोकाचा पैसा बहुतेक घरांत निघतो. तो १९४३ ते १९४७ मधला. महायुद्धात धातूची टंचाई झाली म्हणून पैशाच्या मधोमध भोक आले आणि राजाच्या चेहऱ्याऐवजी नुसता मुकुट राहिला. पुढे १९५० चा घोड्याचा पैसा, मग १९५७ चा नया पैसा. तोवर रुपयाचे चौसष्ट पैसे होते, १ एप्रिल १९५७ पासून शंभर झाले. लोकांना हिशेब कळावा म्हणून नाण्यावरच 'रुपये का सौवाँ भाग' असे छापले. १९६४ मध्ये 'नया' गळाला. ही तीन नाणी शेजारी ठेवलीस की गुलामी, प्रजासत्ताक आणि दशमान पद्धत एका तळहातावर येते.

आणि आजच्या सुट्ट्या पैशांतही बघ. सालाखाली हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. याला एक पैसाही जास्तीचा लागत नाही.

आजीच्या डब्यात तांब्याची शिवराई सापडली. ती शिवाजी महाराजांच्या काळातलीच ना? – एक गृहिणी, शिवाजी पेठ

एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असेल. आता ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा दिसतात का ते पाहा. दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे महाराजांनंतरची, पेशवाईच्या काळातली. आपल्याकडे घरोघरी निघतात त्यांतल्या बहुतेक याच.

नंतरची निघाली म्हणून नाराज होऊ नका. माझ्या मते तिची गोष्ट जास्त मोठी आहे. महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवराई पाडली. त्यांच्यामागे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, १७३१ ला वारणेचा तह होऊन हद्दी ठरल्या, कारभार पेशव्यांच्या हाती गेला. त्या काळात मराठी मुलखातल्या चांदीच्या रुपयावर फारसीत दिल्लीच्या बादशहाचे नाव असायचे. पण माळवं विकणारीच्या, हमालाच्या, कुळवाड्याच्या हातात फिरणारा तांब्याचा पैसा नागरी अक्षरांत 'राजा शिव' म्हणत राहिला, महाराज गेल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे. हा विचार आला की मी आजही हातातली शिवराई खाली ठेवू शकत नाही.

अक्षरे अर्धी कापलेली असतील तर ते खोटेपणाचे लक्षण नव्हे. ठसा मोठा, चकती लहान आणि वरून हातोडा, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटायचा. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव' असेही दिसते. आजीकडे ती कुणाकडून आली, हे आजच कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवा.

माझ्याकडे हनुमानाचे १८१८ चे ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे आहे. फोनवरचा माणूस पाच लाख देतो म्हणतो, पण आधी नोंदणी फी मागतो. – निवृत्त कर्मचारी, इचलकरंजी

एक रुपयाही पाठवू नका. देवांची चित्रे असलेली अशी नाणी कंपनीने पाडलीच नाहीत. ती पुढे बनवून विकलेली टोकन आहेत. जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

जुने नाणे चिंचेने घासले तर चालेल का?

नाही. चिंच, लिंबू, पितांबरी यांतले काहीच नको. तांब्यावरचा काळपट-तपकिरी थर नाण्याचे रक्षण करतो; तो गेला की अक्षरांची धारही जाते. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ कापडाने टिपा, कागदी पाकिटात ठेवा. आपल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

कोल्हापूरची सर्वांत जुनी नाणी कोणती? वडिलांच्या शेतात काही सापडले तर ठेवता येईल का? – शिक्षिका, करवीर तालुका

सातवाहनकाळात कोल्हापूर भागात राज्य करणाऱ्या कुर राजांची नाणी मुलांना जरूर सांगा. बरीचशी शिशाची. त्यांवर ताणलेले धनुष्य-बाण आणि ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, आईच्या नावासकट: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. यांत आधी कोण, नंतर कोण, हे नाण्यांनीच सांगितले. माढरीपुत्राचा ठसा वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर मारलेला आढळला आणि गौतमीपुत्राचा माढरीपुत्राच्या. नव्या राजाने जुनीच नाणी पुन्हा ठोकली, म्हणून अभ्यासकांना क्रम लावता आला! अशी नाणी जिथे मिळाली त्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले. तिथले अवशेष टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. वर्गाची सहल तिथे न्याच.

शेताचे म्हणाल तर, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कळवण्याआधी घासू नका, वाटून घेऊ नका. कोणत्या गटात, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाले, ते लिहा आणि जागचा फोटो काढा.